बोट बाहेर

अल-खोबर, २ फेब्रुवारी २०२५

वहाबभाई, सलाम.

तुला अ‍ॅम्ब्युलन्सने नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फजरची नमाज पढून सरळ नेमबाजी क्लबवर गेलो आणि वर्कशॉप झाडून काढलं. कोणी सांगितलं नव्हतं. टेबल पुसलं, हत्यारं जागच्या जागी लावली, फरशीवरचा लोखंडाचा भुगा गोळा केला. मग तुझ्या नेहमीच्या खुर्चीवर बसून राहिलो. दुपारी तपासणीवाले आले तेव्हा सगळं लखलखीत होतं. आपले मॅनेजर, मुदीर, म्हणाले, "माशाल्ला, मुनाफ, तू नसतास तर आमचं काय झालं असतं."

ही हकीगत तुला सांगायची राहून गेली होती. तू इस्पितळात होतास तेव्हा भेटायला येत होतो, पण तुझ्या पट्टी बांधलेल्या डोळ्याकडे बघून मला नीट बोलता येत नव्हतं. मग तुझा कायमचा परत जायचा एक्झिट व्हिसा लागला आणि तू गेलास. फोन केला की तूही गप्प असतोस, मीही. डॉक्टरांनी तुला मोबाइलकडे बघायला मनाई केली आहे असं अफशाँ म्हणाली, म्हणून हे पत्र. तुमच्या दोघांच्या बायका एकाच विहिरीवर, असं गावात म्हणायचे, तसं अजूनही आहे बघ. तिकडची बातमी मला तुझ्याकडून नाही, माझ्या बायकोकडून कळते. जयदीपसाहेब शुक्रवारी मुंबईला चाललेत, ते तिथून पोस्टात टाकतील. बोलताना आपण आपल्या कोकणीत बोलतो, पण लिहायला बसलं की शाळेतल्या गुरुजींचीच मराठी येते. तुझी लेक झेबा वाचून दाखवेल. तिला दुवा.

इथे सगळं ठीक आहे. थंडी आहे. तुझ्या जागी एक सुदानी माणूस आला आहे. चांगला आहे, पण तुझ्यासारखा ओरडत नाही. लेनवर कोणाचंही बोट ट्रिगरपाशी दिसलं की तू लांबून "इस्बा बर्रा!" म्हणायचास आणि परत आपल्याच तोंडाने "बोट बाहेर, बोट बाहेर" पुटपुटायचास, जसं काही त्या सौदी पोरांना मराठी कळतं. पोरं तुला अम्मो बर्रा, बाहेरवाले चाचा, म्हणायची. अजून तुझं नाव काढतात.

तू निघायच्या आदल्या दिवशी मला एक विचारलंस. "मुनाफ, तू काचेपलीकडून बघत होतास. माझं बोट आत होतं का रे?" मी तेव्हा पाणी आणायला उठलो. अहवालात तसंच लिहिलं आहे की रायफलचा ट्रिगर तपासला, तो योग्य होता, अर्थात हाताळणाऱ्याचं बोट आत असावं. आता तपासणीवाले शिकलेले लोक. मला काचेपलीकडून तितकं स्पष्ट दिसलं नाही. असेल. माणसाकडून होतं. तू मनाला लावून घेऊ नकोस.

तब्येतीला जप. दुसऱ्या डोळ्यावर ताण देऊ नकोस.

तुझा,
मुनाफ


अल-खोबर, २४ फेब्रुवारी २०२५

वहाबभाई, सलाम.

रमजान तोंडावर आला म्हणून गर्दी व्हायच्या आत उमरा करून आलो. इथून बस निघते, तुला माहीतच आहे, आपण दोघं त्याच बसने गेलो होतो आणि तू रात्रभर ड्रायव्हरला जागं ठेवायला गप्पा मारत होतास. या वेळी शेजारी एक हैदराबादी चाचा होते. त्यांनी संपूर्ण वाटभर आपल्या जावयाच्या तक्रारी सांगितल्या. मी ऐकत होतो. बरं वाटत होतं, स्वतःशी बोलावं लागत नव्हतं.

मक्केत सगळं नीट पार पडलं. काबाभोवती तवाफ केला, सफा-मरवाची सई केली. तुझ्या डोळ्यासाठी दुवा मागायची म्हणून उभा राहिलो. हात वर केले आणि तोंडातून काही निघेना. आजूबाजूला माणसं रडत होती. मला रडूही येत नव्हतं. इतका रिकामा मी आयुष्यात कधी उभा राहिलो नाही. मग तसेच हात तोंडावरून फिरवले आणि बाहेर आलो.

मग डोक्याचे केस उतरवायला ओळीतल्या एका दुकानात बसलो. न्हावी पेशावरचा होता, जीभ वस्तऱ्यासारखी. शेवटचा हात फिरवून म्हणाला, "लो हाजीसाब, मुबारक हो. आज ही पैदा हुए हो, पिछला सब साफ." आणि आरसा पुढे धरला. मी आरशात बघितलं नाही. तो म्हणाला, "क्या हुआ, पसंद नहीं आया? बाल वापस नहीं लगा सकता." दुकानातले सगळे हसले. मीही हसलो.

बसमध्ये त्या हैदराबादी चाचांना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की माणसाने माणसाचं वाईट केलं असेल तर उमऱ्याने धुऊन निघतं का. ते म्हणाले, "मियाँ, अल्लाह का हक़ अल्लाह माफ़ करता है. बंदे का हक़ बंदे से माफ़ कराना पड़ता है. ये तो बच्चों को भी मालूम है." मग पुन्हा जावयावर आले.

मलाही ते लहानपणापासून माहीत होतं. मी उगाच इतका लांब गेलो.

अफशाँशी बोललो. ती तुमच्याकडे भाकऱ्या घेऊन आली होती ना? म्हणाली, "वहाबभाय पडवीत बसलेले. हातात पेन्सिल. तिच्यावर बोट ठेवत होते, काढत होते, ठेवत होते. मी विचारलं काय करताय, तर म्हणाले, बघतोय, हे माझं ऐकतं की नाही." ती हे हसत सांगत होती. तिला वाटलं तू हाताचा व्यायाम करतोयस.

वहाबभाई, मागच्या पत्रात मी 'असेल' असं लिहिलं होतं. तो शब्द मी परत घेतो. आज एवढंच लिहितो. खजूर पाठवतोय, झमझमची बाटली पाठवतोय.

मुनाफ


अल-खोबर, ९ मार्च २०२५

झेबा बेटी, हे पत्र अब्बांना तू वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. तुझ्यासमोर लिहायला नको होतं अशा गोष्टी यात आहेत. तरी सगळं वाच. मध्ये काही गाळू नकोस, अब्बांना त्रास होईल म्हणूनही नको, आणि चाचाची लाज राखायची म्हणूनही नको.

वहाबभाई,

तुझं बोट बाहेर होतं.

मी काचेपलीकडे होतो. मला स्पष्ट दिसत होतं. तू मॅगझिन लावलंस, रायफल समोर धरलीस, तुझं बोट लाकडावर सरळ, जसं तू जगाला शिकवतोस तसं. तू बोल्ट सोडला. तो पुढे जाऊन आपटला आणि गोळी सुटली. तुझ्या हाताने नाही, आपोआप. गोळी लेनच्या लोखंडी चौकटीवर लागली आणि तिची कपची तुझ्या डोळ्यात गेली. तू खाली बसलास तेव्हासुद्धा तुझं बोट सरळ होतं.

आता मुळापासून सांगतो.

रायफल अबू तलालची. म्हाताऱ्याच्या बोटांची संधिवाताने लाकडं झाली आहेत, कंपनीचा ट्रिगर त्याला ओढवत नव्हता. त्याने बाहेरून हलका तयार ट्रिगर मागवला होता, त्या रायफलसाठीच बनवलेला. तो पेटीतून काढून बसवायचा, मला एवढंच काम होतं. पण पार्सल कस्टममध्ये अडकलं आणि क्लबच्या स्पर्धेचा दिवस जवळ आला. म्हातारा हिरमुसला. मी म्हटलं, "अबू तलाल, पार्सल कशाला, मी आहे ना." त्याने सगळ्यांसमोर माझा हात धरून उंच केला, म्हणाला, "याचा हात म्हणजे जिब्दा." लोणी. तू बाजूलाच होतास. तू मला कोपर मारून म्हणालास, "लोण्या, जास्त चढू नको, वितळशील."

तू हसत होतास, पण मला ते लोणी चढलं, वहाबभाई. खफजीला जहाजावर फिटर म्हणून आयुष्य गेलं, तिथे नटबोल्ट आवळणाऱ्याचं नाव कोणी विचारलं नव्हतं. तू मला या क्लबवर आणलंस, तुझ्या शब्दावर मुदीरांनी ठेवलं. इथे पहिल्यांदा माणसं माझ्या हाताचं नाव घेऊन बोलायला लागली. मी मूळच्याच खटक्यावर हात फिरवायला घेतला. ट्रिगर हलका होत गेला. पुरे झालं होतं तिथे मी थांबलो नाही. अजून थोडा, म्हातारा खूश होईल, अजून थोडा. शेवटी बोटाची सावली पडली तरी सुटेल असा झाला. मला त्याचा अभिमान वाटला.

मग तपासायला घेतलं. रिकामी रायफल, बोल्ट ओढून सोडला. आतून टक् आवाज आला. खटका धरत नव्हता, हॅमर आपोआप पडला होता. मी पुन्हा केलं. या वेळी धरला. पुन्हा केलं, धरला. मी स्वतःला म्हटलं, पहिल्या वेळी माझंच बोट लागलं असेल.

तुझ्यावर ते लादायच्या आधी मी तेच स्वतःला सांगून पाहिलं होतं, बघ.

तेवढ्यात तू दारात आलास. "खलास?"

दुसऱ्या वर्कशॉपात खलास म्हणजे काम झालं. आपल्याकडे तू त्याचा अर्थ बदलला होतास. पहिल्याच आठवड्यात तू मला बजावलं होतंस की काम झालं तर 'झालं' म्हण, अरबाला सांगायचं तर 'तमाम' म्हण, पण 'खलास' तेव्हाच म्हणायचं जेव्हा तू स्वतः बोल्ट आपटून, दस्ता आपटून पाहिलं असशील आणि तुझ्या पोराच्या हातात रायफल द्यायला तयार असशील. या एका शब्दावर तू लेनवर उभा राहायचास. दुसऱ्यांदा तपासत नव्हतास, कारण मी तो शब्द उगाच वापरणार नाही हे तुला माहीत होतं.

मी म्हटलं, "खलास."

तू म्हणालास, "चल, लोणी चाखून बघू."

आता दुसऱ्या दिवशीची सकाळ. वर्कशॉप झाडून काढलं असं मी तुला लिहिलं होतं. झाडलं, हे खरं. पण आधी मी दार आतून लावून घेतलं. रायफल ठेवली होती त्या कपाटाची चावी मुदीरांनी घाईत माझ्याकडेच ठेवली होती. अबू तलालचं पार्सल आदल्या संध्याकाळी कस्टममधून सुटून ऑफिसात येऊन पडलं होतं. मी रायफल उघडली, माझ्या हातचा खटका काढला आणि पेटीतला तयार ट्रिगर बसवला. तो बसवायला काहीच वेळ लागला नाही. मी एका दिवसाची वाट पाहिली असती तर, एवढाच विचार तेव्हा आला, आणि तोही मी बाजूला ठेवला. काढलेला खटका खिशात घालून कॉर्निशवर गेलो आणि समुद्रात टाकला. मग परत येऊन झाडू घेतला.

तपासणीवाल्यांनी जो ट्रिगर तपासला तो निर्दोष होता. तो तुझ्या हातात कधी नव्हताच.

दार लावताना मी अजून फजरच्या वजूमध्ये होतो. हे मला सारखं आठवतं.

मला वाटलं होतं, तू म्हणशील की मुनाफने खलास म्हटलं होतं. मी त्याची तयारी ठेवली होती, काय सांगायचं ते ठरवलं होतं. तू ते कोणालाच सांगितलं नाहीस. तुला विचारलं तर तू म्हणालास, लेनवर मी उभा होतो, जबाबदारी माझी. आणि मग ते बोटाचं निघालं, आणि अम्मो बर्राचंच बोट आत होतं म्हणून पोरं हसायला लागली, आणि तू मला विचारलंस.

डोळा माझ्या चुकीने गेला. बोटावरचा तुझा भरवसा मात्र मी जाणूनबुजून घेतला. माफ कर असं लिहायचं होतं. लिहवत नाही. तू ठरव.

मुनाफ


अल-खोबर, १७ एप्रिल २०२५

वहाबभाई, सलाम.

तुझं काही उत्तर आलं नाही. ईदच्या दिवशी फोनवर झेबाचा व्हॉइस मेसेज आला. तिने ईद मुबारकही म्हटलं नाही. तुला न विचारता तिने पाठवलं असेल तर तिला रागावू नकोस. ती म्हणाली, "चाचा, अब्बांनी तुमचं पत्र दोनदा वाचायला लावलं. नंतर पेन्सिल खाली ठेवली. पण तुम्ही हे त्यांना मराठीत सांगितलंत. रिपोर्ट अरबीत आहे."

एवढंच. मी तो मेसेज ऐकत बसलो आणि शेवया तशाच राहिल्या.

तिचं बरोबर आहे. मी तुला लिहून मोकळा झालो होतो. ते पत्र पोस्टात पडल्यावर मला झोप लागायला लागली होती, रोजे चांगले गेले, रात्री तरावीहच्या नमाजमध्ये मन लागत होतं. आणि तुझ्या नावापुढे सरकारी कागदावर 'निष्काळजीपणा' तसाच होता, त्याच्यामुळे तुला इथे परत येता येत नाही, इलाजाचा अर्ज घेत नाहीत. मला बरं वाटलं, तुला काय मिळालं? तुझ्या बोटाला ठाऊक असलेली गोष्ट तेवढी तुला कळली.

ईदची सुट्टी संपल्यावर मुदीरांकडे गेलो. त्यांनी गहवा कॉफी मागवली. मी सांगायला सुरुवात केली. ते ऐकत होते, मग हात वर करून म्हणाले, "या मुनाफ, खलास. फाइल बंद झाली. वहाब घरी आहे, तू इथे आहेस, अलहम्दुलिल्लाह. उगाच का कबर उकरतोस?"

मी म्हटलं, "तुमचा खलास वेगळा आहे, आमचा वेगळा."

त्यांना ते कळलं नाही. त्यांना वाटलं मित्रासाठी मी खोटं अंगावर घेतोय. "तुम्ही कोकणवाले एकमेकांसाठी मराल," असं कौतुकाने म्हणाले. पुरावा कुठाय, विचारलं. मी म्हटलं, समुद्रात. ते हसले. वहाबभाई, खरं बोलायला गेलो आणि चांगला माणूस ठरून परत आलो. त्या दिवशी जितकी लाज वाटली तितकी आधी वाटली नव्हती.

रात्री अफशाँला सगळं सांगितलं. तिला काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मी त्यांच्या घरी भाकऱ्या नेत होते."

"हो."

"तुम्ही मला जाऊ देत होता."

"हो."

"आता काय होईल तुमचं?"

मी म्हटलं माहीत नाही, कदाचित अटक, कदाचित नुसतं हाकलतील. ती म्हणाली, "जेव्हा याल तेव्हा या. पण मला त्यांच्या दारावरून मान वर करून जाता आलं पाहिजे."

मी अबू तलालकडे गेलो. त्याला सगळं सांगितलं तेव्हा म्हातारा आधी माझ्यावर ओरडला, मग आपल्या बोटांकडे बघून रडला. मी म्हटलं, रडू नका, मला तुमची मदत हवी. तुमची रायफल द्या आणि मुदीरांना आणि ज्यांनी अहवाल लिहिला त्यांना बोलवा.

मंगळवारी ते सगळे वर्कशॉपमध्ये उभे राहिले. गोळ्या इमारतीतसुद्धा नव्हत्या, सुदानी माणसाने त्या आधीच बाहेर नेऊन ठेवल्या होत्या. दार सताड उघडं. मी मागवलेला नवा, जसाच्या तसा मूळ खटका त्यांच्या हातात दिला, त्यांनी पाहिला. मग त्यांच्यासमोर तेच काम पुन्हा केलं. माझा हात चुकतो का, असं मला वाटत होतं. चुकला नाही. लोण्यासारखा चालला. कोणीच कौतुक केलं नाही. मला त्याचं बरं वाटलं.

रायफल जोडली आणि तपासणीवाल्या अधिकाऱ्याच्या हातात दिली. म्हटलं, "बोट बाहेर ठेवा आणि बोल्ट सोडा." त्याने सोडला. काही झालं नाही. मुदीर माझ्याकडे बघायला लागले. "परत," मी म्हटलं. त्याने परत सोडला. काही नाही. वहाबभाई, आयुष्यात पहिल्यांदा मी अल्लाहकडे माझं काम बिघडलेलं असावं म्हणून दुवा मागितली. तिसऱ्यांदा टक् आवाज आला.

अधिकाऱ्याने रायफल टेबलावर ठेवली आणि स्वतःच्या बोटाकडे बघितलं. ते बाहेरच होतं. पण त्याने बघितलं.

मग आम्ही ठाण्यात गेलो. जबाब लिहिणारा कारकून तरुण पोरगा होता, दयाळू. त्याने लिहून वाचून दाखवलं, 'तांत्रिक बिघाडामुळे.' मी म्हटलं, बिघाड नाही, माझ्या हाताने. त्याने खोडलं. अबू तलाल कानात म्हणाला, राहू दे, तांत्रिक लिहिलं तर तू सुटशील, वहाबचंही काम होईल. ते खरंही असेल. मी मान हलवली नाही. कारकून म्हणाला, "काका, असं लिहिलं तर खटला संपेपर्यंत तुम्हाला देश सोडता येणार नाही. राहण्याचा परवाना, इकामा, जमा करावा लागेल. आणि सजा काय होईल ते काझी ठरवतील."

मी म्हटलं, लिहा.

अपघाताच्या वेळी वहाब यांचं बोट कुठे होतं, असा एक रकाना होता. त्यात मी सांगितलं तसं लिहिलं गेलं, अरबीत. मी ते दोनदा वाचून दाखवायला लावलं. शेवटी त्याने विचारलं, "दुसऱ्या दिवशी सकाळी खटका कोणी बदलला?"

"मी."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणीच नाही."

त्याने तेही लिहिलं, कागद माझ्याकडे फिरवला, आणि मी सही केली.